पुंजाआप्पांना विचारून घेतलेला ट्रॅक्टर

सत्त्याण्णव सालच्या गणपतीत सासुरवाडीला जेवताना, तोंडात मोदक असताना, मी म्हणालो, "त्यात काय एवढं? आपण ट्रॅक्टर घेऊ." मोदक जरा मोठा असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

सासुरवाडी दिंडोरीजवळ. सासऱ्यांनी जाताना टेकडीच्या उतारावरचं गवताचं रान लेकीला, म्हणजे आमच्या गोदावरीला दिलं होतं. त्याला लागून वाळू नावाच्या माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग. तो त्या दिवशी पानावरच म्हणाला, "गोदाक्का, तुमच्या रानात गवत कमरेइतकं झालं. वाळल्यावर कुणी विडी टाकली तर माझी बाग जळंल. दसऱ्यापर्यंत कापा, नाय तर रान मला द्या. मी द्राक्षं लावतो."

गोदावरीचा हात ताटातच थांबला. लहानपणी ती बाबांबरोबर त्याच रानात गाई चारायची. माहेरचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं आणि ते सोडायला ती मुळीच तयार नव्हती. पण कापायचं कुणी? द्राक्षाच्या छाटणीचे दिवस तोंडावर आलेले, पेठ-सुरगाण्याकडची सगळी मजूर माणसं बागांमध्ये लागलेली. भाड्याचे ट्रॅक्टरही फवारणीत अडकलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला शौर्य सुचलं. (मी नाशिकला एका कचेरीत कारकून. तोवर स्कूटरपेक्षा मोठं काही चालवलेलं नव्हतं, आणि तीही मागे बसलेल्या गोदावरीच्या सूचनांवर चालायची.)

नवा ट्रॅक्टर परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही जुने पाहत हिंडलो. पहिला चालू झाला तो बंदच होईना. मालक म्हणाला, "डिझेल संपलं की आपोआप बंद पडंल, चहा घ्या." दुसऱ्याला ताजा लाल रंग होता. माठ घेताना वाजवून बघतात तसं मी त्याच्या पत्र्यावर बोट वाजवलं, तर बोट आत गेलं. मालकानं ते काढून दिलं, पण सौदा मोडला.

तिसरा कळवणच्या पुढे एका वस्तीवर मिळाला. मालक पुंजाआप्पा वर्षापूर्वी वारलेले. त्यांची बायको भागीबाई आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेली. उतारावर, चाकाखाली दगड लावून, एक निळसर ट्रॅक्टर उभा होता. मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलंच होतं. सीटवर घोंगडीची घडी होती आणि तिच्यात कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा खळगा पडलेला होता.

"बॅटरी गेलेली हाय," भागीबाई म्हणाली. "म्हणून उतारावरच लावायचा. वरच्या गिअरात टाकायचा, चाकाखाली दगुड द्यायचा. दगुड काढला की आमचे हे चालू करत्यात."

"हे म्हणजे?" मी विचारलं.

"हे म्हणजे हेच," असं म्हणून तिनं सीटकडे पाहिलं. पदर सारखा केला. मग सीटलाच म्हणाली, "माणसं बरी दिसत्यात. देऊ का?"

आम्ही तिघंही सीटकडे बघत राहिलो. वारा नव्हता. तरीही हँडलला अडकवलेली टोपी हळूच हलली.

"हो म्हणले," भागीबाई म्हणाली. "घेऊन जा. फक्त बसताना सांगून बसा."

गोदावरीनं माझं कोपर इतकं घट्ट धरलं की मुंग्या आल्या. पण गवत कापायच्या यंत्रासकट आमच्या ऐपतीत बसणारा तो एकच ट्रॅक्टर होता. मी होकार दिला. (घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही, हे भागीबाईला ठाऊक असावं.)

कळवणचा एक ड्रायव्हर तो घेऊन आला. वणीच्या पुढे हॉर्न दोनदा आपोआप वाजला, असं त्यानं सांगितलं. चहासुद्धा न घेता तो गेला. त्या दिवसापासून ट्रॅक्टरजवळ गेलं की तंबाखूचा वास यायचा. आमच्यात कुणी तंबाखू खात नाही. वाळू खातो, पण तो शंभर पावलं लांब उभा राहायचा.

मी शिकायला लागलो. दर वेळी चढण्याआधी "आप्पा, बसू का?" असं विचारायचो. मी वर बसलो की चाकाखालचा दगड गोदावरी काढायची. पहिल्या रविवारी वाळूच्या द्राक्षमांडवाचा एक खांब पाडला. दुसऱ्या रविवारी तोच खांब, नवा पुरलेला, पुन्हा पाडला. गवत मात्र तसंच डुलत होतं. वाळूनं विचारलं, "दाजी, गवत माझ्या बाजूला वाढतं का हो?" गोदावरी बांधावर बसून रानाकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी शेवटचा प्रयत्न केला. यंत्र सुरू झालं, पण हातभर गवत कापल्यावर मी घाबरून इंजिन बंद केलं. यंत्र चालू-बंद करायची दांडी चालूवरच अडकली होती, ती काही सुटेना. हाताचा अॅक्सिलरेटरही अर्ध्यावरच अडकून बसला. स्टिअरिंग डावीकडे वळलेलं राहिलं. इंजिन बंद करायला ओढलेला दट्ट्या शिकवल्याप्रमाणे परत आत ढकलला, वरचा गिअर टाकला, दगड लावला आणि उतरलो. खंडेनवमीला घरोघर कोयते, नांगर, गाड्या पुजतात, तशी गोदावरीनं ट्रॅक्टरची पूजा केली. झेंडू वाहिले, नारळ फोडला. मी हातपाय धुवायला गेलो होतो.

दसऱ्याच्या दिवशी उजाडता उजाडता मी एकटाच रानात गेलो. वाळू येणार होता आणि त्याच्याकडून निदान आठवड्याची मुदत मागावी असं ठरवत होतो. धुकं इतकं दाट होतं की स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. ट्रॅक्टर जवळ गेल्यावरच दिसला. तंबाखूचा वास होताच. मी वाकून नमस्कार केला आणि चरकलो. पुढच्या चाकाखाली शेंदूर फासलेला, फूल वाहिलेला देव होता!

दसऱ्याचा दिवस आणि देव चाकाखाली! मला काही सुचेना. मी चपला काढल्या, देवाची क्षमा मागितली आणि दोन्ही हातांनी तो उचलला. (गाडी गिअरमध्ये असली की हलत नाही, हे मला स्कूटरवरून पक्कं माहीत होतं.) तो छातीशी धरून मी बांधावरच्या आंब्याखाली ठेवायला निघालो.

दहाएक पावलं गेलो असेन. मागे गवत चुरडल्याचा आवाज आला. सावकाश, कुणीतरी जड माणूस चालल्यासारखा. मी थांबलो. आवाज थांबला नाही. मग कुणीतरी खोल घशातून खाकरलं, एकदा, दोनदा, आणि इंजिन धडधडायला लागलं.

मी वळून पाहिलं. धुक्यातून ट्रॅक्टर माझ्याच दिशेनं येत होता. सीटवर घोंगडी, हँडलला टोपी आणि माणूस नाही.

"आप्पा, मी काही केलं नाही!" मी ओरडलो आणि देवाला घेऊन पळत सुटलो. ट्रॅक्टर माझ्या शेजारून पुढे जाऊन डावीकडे वळला आणि धुक्यात शिरला. मागे गवत सपासप पडत होतं. आवाज लांब गेला, फिरला, पुन्हा जवळ आला. टोपी माझ्यासमोरून गेली. परत नाहीशी झाली. असा तो गोल गोल फिरत राहिला. उतारामुळे प्रत्येक फेरी थोडी खाली सरकत होती आणि मी आंब्याला पाठ लावून जमेल ते स्तोत्र म्हणत होतो. एकही धड पूर्ण येत नव्हतं.

आवाज ऐकून गोदावरी धावत आली. तिनं ट्रॅक्टर पाहिला, मला पाहिलं आणि माझ्या हातात पाहिलं.

"अहो, चाकाखालचा दगड का घेऊन उभे आहात?"

"दगड?"

"काल मीच शेंदूर लावला. म्हटलं, बाबा रे, तूच गाडी धरून ठेव."

माझ्या डोक्यात उजेड पडला. भूत नाही, उतार! मी मोठ्यानं हसलो. तेवढ्यात डिझेल संपलं आणि ट्रॅक्टर रानाच्या मधोमध थांबला. धुकं विरळ होऊ लागलं, तर वरचं अर्धं रान एकसारखं कापलं गेलं होतं. खालचं अर्धं तसंच उभं होतं.

धुक्यातून वाळू आला. कापलेल्या गवताच्या पट्ट्यांकडे तो बघत राहिला. ट्रॅक्टरजवळ गेला, बॉनेटला हात लावून चटकन मागे घेतला. ते तापलेलं होतं. मग घोंगडीवर हात ठेवला. ती दवानं भिजलेली, कुणीही न बसलेली, थंडगार होती.

"कुणी चालवला?" त्यानं हळूच विचारलं.

गोदावरीनं नुसतं सीटकडे पाहिलं. वाळूनं टोपीकडे पाहिलं. वास घेतला. मग चपला काढून ट्रॅक्टरला हात जोडले. "अक्का, रान तुमचं. उरलेलं गवत राहू दे, कापू दे, ज्याचं तो बघंल. मी इथं पाऊल टाकणार नाय."

गोदावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण रान वाचवलं मी आणि श्रेय पुंजाआप्पांना, हे मला बघवेना.

"अरे वाळू, भूत कसलं?" मी म्हणालो. गोदावरीनं डोळे वटारले, पण मी भरात आलो होतो. "मी काल गाडी अगदी पद्धतशीर उतारावर लावली होती. वरचा गिअर, यंत्र जोडलेलं, स्टिअरिंग वळवलेलं. सकाळी नुसता दगड काढला. सगळं माझंच काम!"

गोदावरीनं कपाळाला हात लावला. आता रान गेलं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

वाळूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाडलेल्या खांबाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"दाजी," तो म्हणाला, "भूत मला पटतंय. तुम्ही काहीतरी बरोबर केलं, हे नाय पटत."