नवऱ्याबद्दलची नकारार्थी वाक्यं

ब्लेसीने इवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोबाइल तोंडाजवळ धरून खणखणीत आवाजात सांगितलं, "माय हजबंड डझन्ट कॉल मी."

हा गृहपाठ होता. आयर्लंडला नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ब्लेसीचं घोडं नकारांपाशी अडलं होतं. मल्याळममध्ये बरं असतं, वाक्याच्या शेवटी एक 'इल्ला' टेकवला की बहुतेक वेळा भागतं. इंग्रजीत साधं नाही म्हणायचं तरी आधी माणूस कोण, एकटा की पुष्कळ, काम उरकलं की चाललंय, अशी सगळी चौकशी करावी लागते. क्लासचे सर म्हणाले होते, "एकच माणूस धरा आणि सगळे नकार त्याच्यावर चढवा. आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवा."

ब्लेसीने टिजोला धरलं. तो कुवेतला. इथे केरळात पाला गावाजवळ, रबराच्या झाडांमधल्या त्या मोठ्या घरात ती आणि तान्ही इवा. वाक्याला कर्ता म्हणून दुसरा माणूस आणायचा कुठून?

नवरा फोन करत नाही. तो नाताळला आला नाही. त्याने मुलीला अजून पाहिलेलं नाही. तो परत येणार नाही. डझन्ट, डिडन्ट, हॅजन्ट, वोन्ट, सगळे एका दमात आपापल्या जागी बसले. इतकं निर्दोष इंग्रजी ती जन्मात बोलली नव्हती. तिने खुशीत आवाज पाठवून दिला आणि इवाला अंघोळीला घेतलं.

परत येऊन पाहते तो उत्तरादाखल जोडलेल्या हातांची रांग लागलेली. सर असे हात जोडत नसत. आवाज क्लासच्या ग्रुपवर नव्हे, चर्चच्या वॉर्डाच्या, म्हणजे आसपासच्या ख्रिस्ती घरांच्या, प्रार्थना-ग्रुपवर गेला होता. तिथे रोज कुणी ना कुणी आपलं दुःख बोलून पाठवतं, कुणाचा मुतखडा, कुणाचा अडकलेला व्हिसा, आणि मग सगळा वॉर्ड त्यासाठी प्रार्थना करतो.

तिने घाईघाईने संदेश पुसला. लगेच वॉर्डप्रमुख वक्कच्चन यांचा आवाज आला. "पोरी, पुसून काय होणार? देवाने ऐकलंय."

'चुकून गेला हो,' तिने लिहिलं.

"पहिल्यांदा सगळ्या असंच म्हणतात," वक्कच्चन म्हणाले.

दिवेलागणीला अंगणात चपलांचा ढीग पडला. सगळ्यांच्या थोरल्या ताई, त्रेस्याम्मा चेडत्ती, पलीकडच्या घरातून उकडलेल्या टॅपिओकाचं, म्हणजे कप्प्याचं, पातेलं आणि माशाची आमटी घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. जपमाळा निघाल्या. इवा या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली. एवढी माणसं त्या घरात तिच्या बाप्तिस्म्यानंतर आली नव्हती.

"अहो, तो अभ्यास होता," ब्लेसी काकुळतीला आली. "इंग्रजीचा. नकार कसे करायचे त्याचा."

"मग चांगले होकार नव्हते का गं करायला?" एक बाई म्हणाली.

वक्कच्चन यांचा चेहरा पडला. "पण मी तिकडच्या पुतण्याला टिजोच्या खोलीवर पाठवलंय. कुवेतला."

तेवढ्यात फोन वाजलाच. पडद्यावर झोपेतून उठवलेला टिजो, मागे खांद्यावर हात ठेवून उभा असलेला पुतण्या. सगळा वॉर्ड ब्लेसीच्या खांद्यावरून वाकला.

"काय सांगितलंस तू लोकांना? मी फोन करत नाही?"

"अरे, वाक्यं होती ती."

"मग सांग ना त्यांना. करतो की नाही मी रोज फोन?"

ब्लेसीने कुणाच्या तरी मांडीवरून इवाला उचलून घेतलं.

"करतो," ब्लेसी म्हणाली. "रोज करतो."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. टिजोने इवाला हात हलवला, इवाने पडद्यावर जीभ लावली, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून तो गेला. आता जमलोच आहोत तर परीक्षेसाठी प्रार्थना करू, असं ठरलं. वक्कच्चन यांनी डोळे मिटले. "प्रभू, या लेकराच्या तोंडी योग्य वेळी योग्य क्रियापद येऊ दे." सगळे आमेन म्हणाले, कप्पा संपला, अंगणातल्या चपला गेल्या.

त्रेस्याम्मा चेडत्ती मात्र पातेलं घासायच्या निमित्ताने मागे राहिल्या.

"शेवटचा फोन कधी आला होता गं?" नळाखाली हात धरून त्यांनी विचारलं.

"ईस्टरला."

"आणि परत येणार नाही म्हणालीस ते?"

"ते फक्त 'वोन्ट' वापरायला. येईल तो." ब्लेसीने इवाचं तोंड पुसलं. "बहुतेक."

चेडत्तींनी मान हलवली. बराच वेळ त्या घासलेलं पातेलंच घासत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ते वाक्य मला शिकवशील? मेलबर्नच्या नातवाला मल्याळम येत नाही. तू फोन करत नाहीस, असं त्याला सांगायचंय."

"यू डोन्ट कॉल मी."

"यू डोन्ट कॉल मी," चेडत्तींनी म्हणून पाहिलं. "ओरडल्यासारखं वाटतं गं. जरा मऊ नाही का काही?"

ब्लेसीने सगळी सहायक क्रियापदं आठवून पाहिली. "नाही, चेडत्ती."

"मग राहू दे." हात पदराला पुसून त्या तिच्याजवळ पायरीवर बसल्या. "जेवलास का, हे कसं विचारतात तेवढं सांग."