बिनचूक प्रोग्रॅममधल्या चुका

प्रयोग कसा करावा, हे मला कोणी शिकवू नये! सॉफ्टवेअरच्या पोरांना मी तेच तर शिकवतो. उगाच ठोकून द्यायचं नाही, आधी मोजायचं, मग बोलायचं. हा विषय बंद करायचा की चालू ठेवायचा, ते ठरवायला त्या दिवशी विभागप्रमुख वर्गात येणार होते. म्हटलं, असा प्रयोग दाखवतो की साहेब गारच पडतील!

बेत सोपा होता. एका प्रोग्रॅममध्ये मी एक चूक पेरणार. अर्धा वर्ग ती एकेकट्याने शोधणार, उरलेला जोडीजोडीने. कोणाला लवकर सापडते, ते मोजायचं.

"शोधा!" मी फर्मावलं. साहेबही हौसेने एका संगणकापुढे बसले.

"सापडली सर!" पहिल्या बाकावरचा ओरडला. जाऊन बघतो तर ती माझी चूकच नव्हती! पाठोपाठ एका जोडीला भलतीच सापडली, दुसऱ्या जोडीला त्याहून भलती. वर्गाचा भाजीबाजार झाला.

"मलाही सापडली," साहेब मिशीत हसत म्हणाले. "फारच ढोबळ ठेवलीत हो!"

तेवढ्यात कशावरूनबाई उठली. दर वाक्याला 'कशावरून?' विचारते म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलंय.

"सर, यात चूकच नाहीये."

वर्ग खो खो हसला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "मग मला सापडली ती काय?"

"ते बरोबरच आहे सर. चालवून बघा ना." मग ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही चूक पेरलेली फाइल हीच, कशावरून?"

मी लॅपटॉप उघडला. चूक पेरलेली फाइल तिथेच आरामात पहुडली होती. मी वाटली होती ती बिनचूक! संपलं. विषय गेला, मीही गेलो!

"म्हणजे चूक आहे एवढं नुसतं सांगितलं, तरी सगळ्यांना ती दिसायला लागते," कशावरूनबाई म्हणाली. "हे तर आपण मोजलंच की सर!"

साहेबांनी आपल्या पडद्यावरचा प्रोग्रॅम चालवून बघितला आणि ते एकदम हसत सुटले. "विषय चालू ठेवा. आधी मलाच त्याची गरज आहे!"

त्या पोरीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. "माझी लाज राखलीस गं," मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो. डोळे भरून आले होते, खरंच सांगतो.

दारातून साहेब मागे वळले. "पण प्रयोग पुन्हा करून दाखवता आला पाहिजे, नाही का? सोमवारी सगळ्या प्राध्यापकांवर करा. अगदी असाच, चुकून!"

तेव्हापासून मी घरी चुकून चुकायची तालीम करतोय. काही केल्या जमत नाही.

"नवल आहे," बायको म्हणते. "एरवी न सांगता जमतं!"