होडीचं तेल

गुरुदास मास्तरांच्या जुन्या शब्दकोशात एक पिवळं पडलेलं पत्र अजून आहे. १९५८ सालचं. त्याचं उत्तर वेळेवर गेलं नाही, ही रुखरुख त्यांना आजही आहे.

पत्र धामापूरच्या नीरजेचं. "बाबांना न विचारता लिहिते आहे. दाजींची बाटली आली. बाबा सोमवारी तेल लावणार. तुम्ही लावलं आहे, तर खरं सांगा. लावू देऊ का?"

तेव्हा मास्तर सव्वीस वर्षांचे होते. कपाळ मात्र पन्नाशीला पोचलं होतं. नीरजेला बघायला जायच्या चार दिवस आधी शेजारचे दाजी बाटली घेऊन आले. दाजी होड्या बांधत, लाकूड कुजू नये म्हणून त्यांना तेल चोपडत. बाटलीत जास्वंदीची पानं घालून उकळलेलं काजूच्या टरफलांचं काळं तेल होतं.

"होडयेक ह्यां तेल लावलां काय लाकूड कुसना नाय. मगे केसांची मुळां कशी कुसतली?"

"अपाय नाही ना होणार?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"झाडपालो तो! त्येचो अपाय कसलो?"

"मग तुमच्या डोक्यावर..."

"माझां लाकूड आधीच कुसलेलां," दाजी म्हणाले.

तरी मास्तरांनी रात्री तेल लावलं. सकाळी डोक्यावर टपोरे फोड आले. घरच्या हौसामावशीने खोबरेल थापलं आणि वर काळी टोपी चढवली. "आता लगीन होयपर्यंत काढू नको हां!"

धामापुरात नीरजेचे वडील विश्रामभाऊ म्हणाले, "टोपी काढा मास्तरानू, उकडता."

मास्तरांनी टोपी दोन्ही हातांनी धरली. सोबत आलेले दाजी धावून आले. "औषध लावलेलां आसा. वारो लागाक नको. महिन्याभरात केस असे येतत, कंगवो मोडतलो!"

विश्रामभाऊंनी आपलीच टोपी काढली. आत नारळासारखं गुळगुळीत डोकं. "माका धाडशात येक बाटली?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पडद्याआडून नीरजा बघत होती. मास्तरांनी मान खाली घातली, तर कानामागून खोबरेल ओघळलं.

पत्र आल्यावर त्यांनी पाच मसुदे केले. खरं लिहावं तर लग्न मोडणार, खोटं लिहवेना. 'सावधगिरी बाळगणे इष्ट' की 'उचित', यावर शुक्रवार, शनिवार गेले. सोमवारही गेला.

गुरुवारी मालवणच्या बाजारात विश्रामभाऊ समोर आले. टोपी कानांपर्यंत ओढलेली, खालून खोबरेलाचा ओघळ.

मास्तरांना पळावंसं वाटलं. पण हात आपोआप वर गेला आणि भर बाजारात त्यांनी टोपी काढली. डोक्यावर खपल्या, केस होते तेवढेही गेलेले.

"माझं चुकलं. मला ठाऊक होतं."

विश्रामभाऊंनी ते डोकं निरखून पाहिलं. मग हळूच आपली टोपी उचलून खालचे फोड दाखवले आणि पोट धरून हसले. "माका उत्तर गावलां, मास्तरानू. माझ्या चेडवाक, नीरजेक, खंय गावलां? रोज पोस्टमनाक विचारता."

मास्तर थेट पोस्टात गेले. नेहमी पाकीट घेणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी उघडं कार्ड मागितलं. लिहिलं: "तेल वाईट. टक्कल खरं. रविवारी टोपीशिवाय येतो."

पोस्टमास्तरांनी ते वाचलं, मास्तरांच्या डोक्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.