बडे बाबूंची रानफुलं

“यंदा पहिला नंबर आपलाच. लिहून ठेवा,” असं केशवरावांनी पानठेल्यावर दहा माणसांदेखत जाहीर केलं, तेव्हा कात लावता लावता पानवाल्याचाही हात थांबला.

केशवराव म्हणजे भंडाऱ्यातल्या एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. गोष्ट एकोणऐंशी सालच्या भाद्रपदातली. गावातलं एक मंडळ दरवर्षी त्या महिन्यात सरकारी क्वार्टरांसाठी ‘सुंदर अंगण’ स्पर्धा भरवायचं. केशवरावांनी अकरा वर्षं तीत भाग घेतला आणि अकरा वर्षं शेजारच्या भय्याजींसाठी टाळ्या वाजवल्या. भय्याजींचे गुलाब परेडीला उभे राहावेत तसे रांगेत उभे. केशवरावांचे गुलाब एकदा बकरीने खाल्ले, एकदा वाळवीने खाल्ले आणि एकदा तर कोणी खाल्ले हेच कळलं नाही. आता नोव्हेंबरात ते रिटायर होणार होते. क्वार्टर सुटणार, अंगण जाणार, म्हणजे ही शेवटची संधी. बक्षीस होतं पितळेचा तांब्या, आणि पितळेच्या भांड्यांसाठीच नावाजलेल्या भंडाऱ्यात तांब्याला कोण विचारतो? त्यांना हवं होतं वेगळंच. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं याद्यांमध्ये लिहिली होती. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव लाउडस्पीकरवरून निघावं आणि साऱ्या क्वार्टरांनी ते ऐकावं, एवढं त्यांना मनापासून वाटत होतं.

मागच्या भाद्रपदात ते सासुरवाडीला, सिहोऱ्याला गेले होते. तिथे धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तेरडा फुलला होता. पिवळाधम्मक तरोटा, म्हणजे टाकळा, निळा केना, गुलाबी कुरडू, आणि बोराटीवर चढलेली लालपिवळी कळलावी. यातलं काहीच कोणी लावलेलं नव्हतं, कोणी पाणी घातलेलं नव्हतं. तरोट्याला तर बकरीही तोंड लावत नाही, हे केशवरावांनी अर्धा तास उभं राहून तपासलं. मग कचेरीच्या लिफाफ्यांत बिया भरल्या. यंदाच्या मृगात बायको सत्यवतीबाईंचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी उपटून त्या जागी हे सगळं पेरलं. डालड्याच्या डब्यांच्या झाकणांवर पांढऱ्या रंगाने एकेका झाडाचं लॅटिन नाव लिहून पाट्याही रोवल्या.

“लोक तरोटा उपटून फेकतेत अन् तुमी लावून राहिले,” सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांना सांबाराचा राग होता.

“तुले समजत नाई. देशी फुलाइले खत नाई लागत, पानी नाई लागत, कीड नाई लागत.”

“अन् लाजबी नाई लागत वाटते.”

भाद्रपद उजाडेपर्यंत तरोटा कमरेला आला. कळलावी तारेच्या कुंपणावर चढली. केशवराव दिवसातून चार वेळा फाटकात उभे राहून अंगणाकडे बघत आणि मनातल्या मनात लाउडस्पीकर ऐकत.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सत्यवतीबाईंच्या माहेरच्या शेजारीण कुंताबाई पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घ्यायला भंडाऱ्याला आल्या होत्या. शेजारधर्म म्हणून त्या सत्यवतीला भेटायला क्वार्टरवर आल्या. केशवरावांनी त्यांना फाटकातच अडवलं, कारण पायवाटेवरही केना फुलला होता.

“आत नोका येऊ, कुंताबाई. फुलं तुडवल्या जातीन.”

“कोनती फुलं, जवाईबापू?” कुंताबाईंनी चहूकडे पाहिलं. त्यांना नुसतं गवत दिसत होतं. “अन् सत्यवती कुठी आहे?”

“झोपली आहे. तिले उठवू नोका.”

सत्यवतीबाईंचं खरोखरच डोकं दुखत होतं आणि त्या जरा आडव्या झाल्या होत्या. पण सिहोऱ्याकडचा हिशेब सरळ असतो. भादव्यात अंगणात कंबरभर तरोटा माजला, म्हणजे घरची बाई खाटेवर आहे. कुंताबाई परत फिरल्या आणि एसटीत बसल्या. तुमसर येईपर्यंत सत्यवती आजारी होती. सिहोरा येईपर्यंत ती पंधरा दिवसांपासून उठलेली नव्हती, आणि जावई गवताला फुलं म्हणत फिरत होता.

सत्यवतीची आई रंभाबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. सिहोऱ्यात निंदणाच्या, म्हणजे तण काढणाऱ्या, बायांची टोळी त्यांच्या हाताखाली चाले. बातमी ऐकून त्या रडल्या नाहीत. एक दिवस त्यांनी आठ बाया गोळा करण्यात घालवला, आणि रविवारच्या पहिल्या गाडीने नऊ बाया, नऊ खुरप्या आणि भाकरीचं एक गाठोडं भंडाऱ्याला निघालं.

तोच रविवार स्पर्धेचा. परीक्षक अकराला यायचे होते. केशवराव नऊ वाजता दाढी करायला आणि कोटाला इस्त्री मारून आणायला बाहेर पडले. साडेनऊला फौज फाटकात आली.

सत्यवतीबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“तू त बरी आहेस वो,” रंभाबाई म्हणाल्या.

“मले काय झालं, माय?”

“मंग अंगनाची अशी दशा काहून?”

सत्यवतीबाईंनी सांबाराच्या जागेकडे एकदा पाहिलं. “आता तुले काय सांगू,” एवढंच म्हणाल्या आणि दहा कप चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. इथे त्या एक वाक्य जास्त बोलल्या असत्या तर ही गोष्ट घडलीच नसती.

साडेदहाला केशवराव चकचकीत दाढी आणि कडक कोट घेऊन परतले. अंगण थाळीसारखं साफ होतं. कुंपणाजवळ उपटलेल्या झाडांच्या पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या, तरोट्याचे कोवळे शेंडे भाजीसाठी वेगळे काढले होते, आणि लॅटिन पाट्या चुलीजवळ नीट रचल्या होत्या. ओसरीवर नऊ बाया बशीतून चहा पीत होत्या.

“हे काय केलं?” केशवरावांनी विचारलं.

“निंदलं,” रंभाबाई समाधानाने म्हणाल्या. “मजुरी-गिजुरी काही नको, जवाईबापू. लेकीचं घर आहे.”

केशवराव पायरीवर बसले आणि चक्क रडू लागले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या कोटात. सासूबाईंना आधी काही समजेना. मग स्पर्धा, अकरा वर्षं, नोव्हेंबर, लाउडस्पीकर, सगळं त्यांनी हुंदक्यांमधून सांगितलं. रंभाबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“एवढंच न? नऊ जनी आहो आमी. उपटलं तेवढ्याच वेळात लावून देऊ. पन आमाले एकच लावनं येते, सांगून ठेवतो.”

“कोनतं?”

“रोवना.”

रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि लावणी म्हटली की आधी चिखल हवा. भय्याजी परीक्षकांना हार घालायला नाक्यावर गेले होते. त्यांचा रबरी पाइप इकडे ओढला गेला आणि दहा मिनिटांत अंगणाची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, झाली. बायांनी पायांनी चिखल तुडवला. आता तो सपाट करायला फळी फिरवायची होती. पलंगाची फळी मिळाली, विहिरीचा दोरही मिळाला. बैल तेवढे नव्हते. रंभाबाईंची नजर अंगणभर फिरली आणि जावयावर येऊन थांबली.

“कोट काढा, जवाईबापू.”

कोट काढायलाही वेळ नव्हता. दोर खांद्यावर घेऊन केशवराव गुडघाभर चिखलात फळी ओढू लागले. फळीवर वजन हवं म्हणून दोन धट्ट्याकट्ट्या बाया उभ्या राहिल्या. मागून रंभाबाई “हं, वळा. धुऱ्याधुऱ्यानं,” असं सांगत होत्या आणि केशवराव वळत होते. बाकीच्या बायांनी पदर खोचला, पेंढ्या सोडल्या आणि गाणं म्हणत, मागे मागे सरकत रोवायला सुरुवात केली. एका चुडात, म्हणजे एका जागी, तीन-तीन झाडं. त्यात कुठे एक तेरडा दोन तरोटे, कुठे कुरडू, केना आणि कळलावी, हाती येईल तसं. सत्यवतीबाईंनी पाट्या आणून रांगेला एक अशा दिसेल तिथे खोचल्या. जिथे तरोटा तिथे कळलावीचं नाव, आणि शेवटच्या उरलेल्या पाटीजवळ काहीच नाही.

अकरा वाजून पाच मिनिटांनी परीक्षक आले. एक डॉक्टरीणबाई आणि शेती खात्यातले एक निवृत्त साहेब. त्यांनी पाहिलं ते असं: अंगणभर चिखल, त्यात माना टाकलेल्या गवताच्या सरळ रांगा, आणि मधोमध कोट घालून दोर ओढणारे बडे बाबू.

“ही... बाग आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“देशी फुलं,” केशवराव धापा टाकत म्हणाले.

“पण कोमेजली आहेत हो सगळी.”

“आज रोवलं बाई, आजच कसं उभं राहीन?” रंभाबाईंनी सुनावलं. “आठ दिवसानं या.”

शेतीवाले साहेब मात्र बूट काढून चिखलात उतरले. खिशातली फूटपट्टी काढून त्यांनी दोन रांगांमधलं अंतर मोजलं. मग पुढच्या दोन, मग त्यापुढच्या.

“नऊ इंच,” ते म्हणाले. “सगळीकडे नऊ इंच. तीस वर्षं मी गावोगाव ओरडत फिरलो, दोरी धरा, रांगेत लावा. कोणी ऐकलं नाही. आणि यांनी दोरी न धरता...” त्यांनी रंभाबाईंना वाकून नमस्कार केला. केशवराव अजून दोर खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी मैदानात बक्षीस समारंभ झाला. पहिला नंबर भय्याजींचा. केशवरावांनी बाराव्यांदा टाळ्या वाजवल्या. दुसरा कोणाचा तरी, तिसरा कोणाचा तरी. त्यांनी मान खाली घातली.

“आणि यंदाचं विशेष पारितोषिक,” लाउडस्पीकर गरजला, “सिहोऱ्याच्या श्रीमती रंभाबाई यांना! त्यांना पायऱ्या चढायला त्रास होतो, तरी त्यांचे जावई केशवराव यांनी त्यांना हात धरून मंचावर आणावे. केशवराव, बडे बाबू, कुठे असाल तिथून लवकर यावे.”

नाव दोनदा निघालं. साऱ्या क्वार्टरांनी ऐकलं. केशवराव उठले, चिखलाने कडक झालेल्या कोटात सासूबाईंना धरून पायऱ्या चढले. तांब्या घेऊन झाल्यावर दोन शब्द बोला म्हणून कोणीतरी रंभाबाईंपुढे माइक धरला.

“मी काय बोलू, बाप्पा,” त्या म्हणाल्या. “माहा जवाई मोठा भोळा आहे. त्याले फूल अन् गवत समजत नाई. पन फळी वढाले लय चांगला. एकदाबी अडला नाई.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बारा वर्षांत भय्याजींना अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मंचावरून उतरताना एका माणसाने केशवरावांची वाट अडवली. तुमसरकडचे सोमाजी, तीस एकर धानाचे मालक. त्यांनी केशवरावांच्या खांद्यांकडे आणि पोटऱ्यांकडे नीट निरखून पाहिलं.

“बडे बाबू, नोव्हेंबरात रिटायर होऊन राहिले म्हंतेत. मंग पुढच्या आषाढात मोकळे आहा न?”

केशवरावांना संताप आला. दोन कडक शब्द सुनवावेत म्हणून त्यांनी तोंडही उघडलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कोणीतरी काम पाहून निवडतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी खिशातली चिखलाने चिकटलेली डायरी बाहेर काढली.

“कोनत्या तारखेपासून?” त्यांनी विचारलं.