नववं इंजिन

दोन वाडग्यांचं एक केलं की एक भांडं कमी घासावं लागतं, हा हिशेब काही चुकीचा नाही. नारायणराव आगाशे यांनी तो चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, भर दुपारी, कुणी न सांगता केला. (नवऱ्याला एकाएकी आवराआवरीची हौस आली की बाईने हातातलं टाकून आधी स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं. प्रतिभाताईंना हे पक्कं ठाऊक होतं. पण त्या तेव्हा बाहेरच्या खोलीत गौरीच्या पायऱ्यांना झालर टाचत होत्या आणि तोंडात टाचण्या होत्या.)

आता त्या वाडग्यांत काय होतं ते सांगायला हवं. मोठ्यात ओटीसाठी भिजवलेले हरभरे होते. छोट्यात अंतराळयानाची इंजिनं होती.

भोपाळच्या बाग सेवनियात हे ऐकून कुणी दचकत नाही. आगाशेबाई सत्तरी उलटल्यावर प्लॅस्टिकची यानं बांधतात, हे त्या कॉलनीत दूधवाल्यालाही माहीत आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा माळ्यावर एक न उघडलेला खोका ठेवून गेला आणि म्हणाला, "फेकून दे." प्रतिभाताईंनी आजवर दुधाची रिकामी पिशवी फेकलेली नाही, त्या खोका कसला फेकतात. उघडला तर आत चौकटींना लटकलेले शेकडो बारके तुकडे, आणि माहितीपत्रकात नुसती चित्रं. सातवीनंतर जिला शाळेत कुणी पाठवलं नाही त्या बाईला ही चित्रांची भाषा फार आवडली. तुला काय कळतंय, असं म्हणणारं त्यात कुणी नव्हतं. कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. पहिलं यान वाकडं झालं, दुसरं जरा कमी वाकडं झालं, आणि तिसऱ्यानंतर प्रतिभाताई दुसऱ्यांच्या यानांना नावं ठेवायला मोकळ्या झाल्या.

नावं ठेवण्याचं काम त्या मोबाइलवर करतात. नवीन खोका आला की तो बांधायचा आणि कंपनीने काम कसं केलंय ते जगाला सांगायचं. नारायणराव मोबाइल धरतात, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा असतो. बाई मात्र मधोमध. "ह्या यानाच्या पोटाचे दोन भाग एकमेकांकडे असे बघतात, जसे मानपानावरून भांडलेले व्याही." किंवा, "ज्याने हा साचा केला त्याला घरी कुणी गरम पोळी वाढत नसणार." दहापैकी गुण द्यायचे, आणि सातच्या वर आजवर कुणाला दिलेले नाहीत. लोक ऐकतात. ऐकतात म्हणजे काय, वाट बघतात.

आणि त्यांचा एक नियम आहे. खोक्यात आलं तेच लावायचं, बाहेरचं काडीइतकंही नाही. शिवाजी नगरातल्या हॉलमध्ये दर वर्षी अशा मॉडेलवाल्या मंडळींचं प्रदर्शन भरतं, तिथे हा नियम खुद्द प्रतिभाताईंच्या अक्षरात भिंतीवर टांगलेला आहे. गेल्या वर्षी अच्युत सप्रे नावाच्या गृहस्थांनी यानाला बॉलपेनातली स्प्रिंग लावली. प्रतिभाताईंनी ती चार हातांवरून ओळखली.

"सप्रे, तुमचं यान देखणं आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पण ते लबाड आहे."

सप्रे स्पर्धेतून बाद झाले. तेव्हापासून ते प्रदर्शनात भिंग घेऊन हिंडतात.

यंदाचं प्रदर्शन रविवारी होतं आणि हळदीकुंकू त्याच्या आधीच्या शुक्रवारी. प्रतिभाताईंनी व्हिडिओत आधीच सांगून टाकलं होतं की स्वच्छ काम कशाला म्हणतात ते या वर्षी येऊन बघा. यान मोठं, मालवाहू, आणि शेपटीला तीन ओळींत नऊ इंजिनं. प्रत्येक इंजिन हरभऱ्याएवढं, एका टोकाला निमुळतं, आणि प्लॅस्टिक नेमकं मातकट तपकिरी. साच्याचं तेल तुकड्यांना लागून येतं, ते साबणाने धुतल्याशिवाय वर रंग धरत नाही. हे धुणं एरवी न्हाणीघरात चालतं. पण त्या दिवशी तिथला नळ कोरडा होता, म्हणून इंजिनं स्वयंपाकघरात आली, साबणातून निघाली आणि स्वच्छ पाण्यात एका वाडग्यात जाऊन बसली.

नारायणरावांना वाटलं, मूठभर हरभरे मागे राहिलेत. त्यांनी ते मोठ्या भांड्यात ओतले, छोटा वाडगा विसळून पालथा घातला आणि समाधानाने वर्तमानपत्र उघडलं.

संध्याकाळी बायका आल्या. पन्हं झालं, आंब्याची डाळ झाली, गौरीपुढची आरास बघून झाली. प्रतिभाताईंनी स्वतःच्या हाताने मुठी भरभरून ओट्या भरल्या. फोटोत बरं दिसावं म्हणून चष्मा कपाटात ठेवलेला होता. (हा दोष नारायणरावांच्या माथी मारता येत नाही. प्रतिभाताईंनी प्रयत्न करून पाहिला.)

शनिवारी सकाळी कमलताईंचा फोन आला. कमलताई म्हणजे शिवाजी नगरातली जुनी मैत्रीण.

"प्रतिभा, हरभरे कुठून आणलेस गं?"

"का? नेहमीच्याच दुकानातून."

"मग दुकान बदल. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, सगळे लोण्यासारखे मऊ, आणि एक गणंग आपला तसाच. दाताखाली आला तर कवळीचा दात उडाला माझा."

"गणंग कसा दिसतोय?"

"हरभरा कसा दिसणार? हरभऱ्यासारखा. मागून जरा पोकळ आहे."

प्रतिभाताई खुर्चीत बसल्या. मग उठल्या आणि छोटा वाडगा शोधायला गेल्या. तो पालथा होता, लख्ख होता.

"अहो," त्यांनी फार हळू आवाजात हाक मारली. तो हळू आवाज ऐकून नारायणराव उभेच राहिले.

"ह्या वाडग्यात काय होतं?"

"हरभरे. मी आवरून ठेवलं. तू काही बोलली नाहीस त्याबद्दल, तेव्हा मीच म्हणणार होतो."

"ती माझी इंजिनं होती."

नारायणरावांनी थोडा विचार केला. "तरीच ओतताना टणटण वाजली."

पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून लिहीत नाही. शेवटी एवढंच ठरलं की बायकांना फोन करायचे. पण सांगायचं काय? नुसतं 'हरभरे शिजवू नका, परत पाठवा' असं सांगावं, कारण विचारलं तर 'नंतर बोलू' म्हणावं. खोटं न बोलता अब्रू राखायची ही युक्ती प्रतिभाताईंना फार पटली. तिचा परिणाम असा झाला की तासाभरात अर्ध्या भोपाळात आगाशांकडच्या हरभऱ्यांत काहीतरी पडलं होतं ही बातमी पसरली. काही घरी पाल होती, काही घरी फिनाइल.

साकेत नगरच्या मीना श्रीवास्तवचा फोन आला. आवाज रडवेला.

"आंटी, सच बताइए, चने में क्या था? हमने तो सुबह चाट बनाकर सबको खिला दी. अस्पताल बगल में ही है, ये गाड़ी निकाल रहे हैं."

"अगं, गाडी कशाला? त्यात इंजिन होतं."



"गाड़ी का इंजन?"

"यानाचं. रॉकेटचं. इतकंसं असतं."

मग मीनाने कुणाला तरी म्हटलेलं ऐकू आलं, "सुनिए, गाड़ी आंटी के घर ले चलिए. तबीयत उनकी ठीक नहीं लग रही."

आली बिचारी, सोबत उरलेली चाटही घेऊन आली. डब्याच्या तळाशी, चिंचेच्या चटणीत, दोन इंजिनं सुखरूप होती.

दुपारपर्यंत दाराशी पिशव्यांची रीघ लागली. कोणी रुमालात बांधून आणले, कोणी नातवाच्या बादलीत. प्रतिभाताई चष्मा लावून परातीसमोर बसल्या आणि गहू निवडावेत तशी इंजिनं निवडू लागल्या. कमलताई कवळीच्या दातासकट स्वतः आल्या, इंजिन परातीत टाकलं आणि निवडायला शेजारी बसल्या. एकदा कारण कळल्यावर कुणी जायला तयार होईना. हळदीकुंकू कालच्यापेक्षा आजच जास्त रंगलं. पन्हं पुन्हा करावं लागलं.

शेवटी आठ सापडली. नववं नाही.

"कुणीतरी गिळलं असेल," नारायणराव म्हणाले.

"तुम्ही बोलू नका."

सगळे गेल्यावर प्रतिभाताई यानासमोर बसल्या. आठ इंजिनं जागच्या जागी, आणि मधोमध एक भोक. किडलेला दात काढल्यासारखं. असं यान घेऊन गेलं तर सप्रे भिंग लावायचेसुद्धा कष्ट घेणार नाहीत. न जावं, तर व्हिडिओत छाती ठोकून बोललेलं सगळं फुकट. पाच वर्षं लोकांच्या फटी मोजल्या, आता लोक आपली मोजणार.

परातीत हरभऱ्यांचा ढीग होता. प्रतिभाताईंनी एक उचलला. नुसतं बघायला म्हणून भोकाशी धरला. निमुळतं टोक बाहेर आलं आणि बाकीचा हरभरा असा घट्ट बसला, की कंपनीच्या इंजिनांनी लाजावं.

"अगं, नियम आहे ना?" नारायणरावांनी दारातून विचारलं.

"खोक्यातलंच हवं, डब्यातलं चालत नाही असं कुठे लिहिलंय," प्रतिभाताई म्हणाल्या आणि त्यांनी रुपेरी रंगाची बाटली उघडली. (स्वतःसाठी माणूस वकील लावतो तेव्हा तो नेहमीच फार हुशार मिळतो.) बाहेरून दिसेल तेवढंच टोक रंगवलं. आतला भाग ओलाच राहिला, पण तो कोण बघतंय.

रविवारी हॉल भरला होता. आगाशेबाईंचं यान टेबलाच्या मधोमध, आणि बाई त्याच्यामागे, नऊवारीत. मोबाइल नारायणरावांच्या हातात, अंगठा ठरल्या जागी.

"सांधे बघा," प्रतिभाताई जमलेल्यांना सांगत होत्या. "नख अडकवून दाखवा. आणि शेपटीकडे या. नऊ इंजिनं, एका रेषेत. मधलं विशेष बघण्यासारखं."

हे त्या का म्हणाल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही एवढंच.

सप्रे भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग सरळ झाले, चष्मा पुसला आणि परत वाकले.

"प्रतिभाताई," ते म्हणाले, "तुमच्या मधल्या इंजिनाला मोड आलाय."

एप्रिलातलं भोपाळ, भिजवलेला हरभरा आणि बंद हॉलमधली ऊब. रुपेरी रंग फोडून एक पांढराशुभ्र कोंब बाहेर आला होता आणि जरा डावीकडे वळून सगळ्यांकडे बघत होता.

सप्रेंनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

"जाऊ द्या," ते पुटपुटले. "छोटीशीच गोष्ट आहे."

"छोटी कशी?" प्रतिभाताईंचा आवाज चढला. "तुमची स्प्रिंग छोटी नव्हती? नियम वाचा. मोठ्याने वाचा, मागच्यांना ऐकू गेला पाहिजे."

सप्रेंनी वाचला.

"अक्षर कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग मला बाद करा. आणि तुमच्या यानाला गेल्या वर्षी मी लबाड म्हणाले होते. ते लबाड होतंच. आता माझंही आहे. बसा इथे, पन्हं आणलंय."

बक्षीस सप्रेंना मिळालं, पण त्यांच्या टेबलापाशी कुणी फिरकलं नाही. सगळी गर्दी मोडाच्या यानाशी. लहान मुलं तर हटेनात. पहिल्यांदाच एखाद्या यानातून खरा जीव बाहेर येताना त्यांनी पाहिला होता. एका मुलीने विचारलं, "आजी, ये उड़ेगा कब?" प्रतिभाताई म्हणाल्या, "आधी दोन पानं तर फुटू देत." आणि इतक्या हसल्या की नारायणरावांचा अंगठा पहिल्यांदाच चौकटीबाहेर गेला.

घरी येऊन त्यांनी गौरीपुढे निरांजन लावलं. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. कागदाची फुलं, लाकडी बाहुल्या, मातीचे हत्ती, आणि दुसऱ्या पायरीवर, अगदी समोर, एक कैरी. कैरीत टूथपिक खोचलेली. टूथपिकच्या टोकावर रुपेरी रंगाचं इंजिन. त्याला हळदकुंकू लावलेलं.

गुरुवारी रंग कसा बसतो ते बघायला त्यांनी स्वतःच एक इंजिन आधी धुऊन, रंगवून, वाळायला कैरीत खोचलं होतं, आणि हळदीकुंकवाच्या गडबडीत त्या ते साफ विसरल्या होत्या. वाडग्यात मुळात आठच होती.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी," नारायणराव म्हणाले. "तुझ्या टेबलावर होतं. इतकं सुंदर दिसत होतं, म्हटलं गौरीसाठीच केलं असशील. परवा सगळ्या बायकांनी कौतुक केलं. कुंकू तर तूच लावलंस."

प्रतिभाताईंनी टूथपिक हळूच कैरीतून उपसली. मग म्हणाल्या, "मोबाइल आणा."

त्या व्हिडिओत त्यांनी काही म्हणजे काही लपवलं नाही. यानाला आठ गुण दिले, आजवरचे सगळ्यात जास्त. बांधणाऱ्या बाईला शून्य. भांडी आवरणाऱ्या गृहस्थाला एक, कारण त्याने निदान इंजिन देवापुढे ठेवलं. आजवर त्यांचा कुठलाच व्हिडिओ इतका बघितला गेला नव्हता. कंपनीने कौतुक कळवलं, पुण्याहून मुलाचा फोन आला, आणि परातीतल्या उरलेल्या हरभऱ्यांची त्या संध्याकाळी उसळ झाली. कमलताईंसाठी एक डबा गेला, आणि प्रतिभाताईंनी आढेवेढे न घेता दुसरा सप्रेंकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. सगळ्यात वर, सगळ्यात जास्त पसंती मिळालेली, सप्रेंची होती.

"सांधे उत्तम. मीठ कमी. दहापैकी सात."