संचिता पाष्टेने न पाहिलेलं युद्ध

"दाखला?" मुख्याध्यापक केणी सरांनी विचारलं.

"शाळा सोडल्याचा दाखला नाही, सर. मुलगी कुवेतला शिकत होती," दशरथ पाष्टे म्हणाले.

"मग मागवून घ्या."

"कुणाकडून मागवू? तिथे इराकचं सैन्य बसलंय."

केणी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नव्वद सालचा सप्टेंबर होता आणि पेपरात रोज त्याच बातम्या होत्या. भाईंदर पश्चिमेच्या या शाळेत चिपळूणहून, महाडहून, गिरगावातून मुलं येत. एकदा तर गोरखपूरहूनही एक आला होता. पण युद्धातून कुणी आलं नव्हतं. त्यात समोरच्या माणसाचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

"हे तिकडेच झालं का?" सरांनी आवाज खाली आणून विचारलं.

"नाही, गावाला. पडलो."

"असू दे. नका सांगू. काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या."

खरं तर पाष्टे सांगायला तयार होते. जुलैत ते बायको-मुलीला घेऊन रजेवर गुहागरजवळच्या आपल्या गावी आले. दोन ऑगस्टला गोठ्याची गळती काढायला कौलांवर चढले आणि शेणाच्या ढिगाशेजारी पडले. ढिगावर पडते तर हात वाचला असता. हात बांधून घरी आले तर रेडिओवर बातमी लागलेली. परतीचं तिकीट दहा तारखेचं होतं. नोकरी, भाड्याची जागा, टीव्ही, फ्रिज सगळं तिकडे राहिलं. भाईंदरला ब्लॉक घेऊन ठेवला होता म्हणून डोक्यावर छप्पर तरी होतं. पण हे सांगायला सवडच मिळाली नाही. केणी सरांनी रजिस्टरमध्ये 'युद्धजन्य परिस्थितीमुळे दाखला अप्राप्त' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि संचिताला सहावीत घेतलं.

सहावीच्या मृणालिनीबाईंनी वर्गाला ताकीद दिली, "संचिता फार मोठ्या संकटातून आली आहे. तिला त्या दिवसांबद्दल कुणी काही विचारायचं नाही."

त्यामुळे मधल्या सुट्टीत सगळ्यांनी तेच विचारलं. राई गावातून चालत येणारी दुर्गा सर्वांत पुढे होती.

"तू रणगाडा बघलास?"

"नाही."

"मंग बाम फुटताना?"

"नाही ग. मी तेव्हा गुहागरला होते."

दुर्गाने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "ती काय सांगत न्हाय. बिचारी भियालीय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. कुवेतमध्ये संचिताची शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि मराठी तिला आईशी बोलण्यापुरतंच येत होतं. 'कृतज्ञता' या शब्दापाशी ती थांबली ती थांबलीच.

"बस बाळा," बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "येतील हो अक्षरं परत."

ती अक्षरं मुळात कधी आलेलीच नाहीत, हे संचिता सांगणार होती. पण बाईंनी त्याच दमात तिला शुद्धलेखन माफ केलं, गृहपाठही माफ केला, आणि अकरा वर्षांच्या मुलीला अशा वेळी गप्प बसणं सोपं जातं.

तिसऱ्या दिवशी शिवा शिपायाने घंटा दिली. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. भूगोलाच्या तासाला डुलकी लागलेली संचिता बाकावरून उडालीच. बाईंनी ते पाहिलं आणि तडक ऑफिस गाठलं. 'घंटा हळू द्यावी' असा लेखी हुकूम निघाला. शिवाने हातोडीला फडकं गुंडाळलं. आता घंटा तळमजल्यावर ऐकू येई, वरती दहावीच्या वर्गात पोचत नसे. दोन दिवस दहावीची मुलं मधली सुट्टी न होता भरलेले डबे घेऊन घरी गेली. तिसऱ्या दिवशी त्यांचे पालक शाळेत आले.

केणी सरांना कारण सांगणं भागच पडलं, आणि एकदा उभे राहिल्यावर ते पंचवीस मिनिटं बोलले. ते कुवेतच्या जवळपासही गेले नव्हते, पण वाळवंट, धूर आणि एका हाताने कुटुंबाला वाचवणारा बाप त्यांनी असा काही उभा केला की तीन आयांनी पदर डोळ्यांना लावला. भांड्याच्या दुकानाचे मालक ईश्वरभाई नवरात्र मंडळाचे अध्यक्ष होते. ते गहिवरून म्हणाले, "सर, आपण तिचा सत्कार ठेवू. पाचव्या माळेला काय प्रोग्राम नाय, खाली जातेय."

त्याच संध्याकाळी सोसायटीतल्या बायका जुन्या फ्रॉकची पिशवी आणि पाच किलो तांदूळ घेऊन संचिताच्या आईकडे, उर्मिलाबाईंकडे आल्या. नको म्हटलं तर "लाज कसली त्यात" म्हणाल्या. त्या गेल्यावर उर्मिलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी तीन वेळा सांगितलं, आम्ही गुहागरला होतो. त्या म्हणतात, हो का, पळून आधी तिकडे गेलात का?"

पाष्टे दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. "सर, थोडा गैरसमज झालाय. आम्ही युद्धात नव्हतोच."

"विनय चांगला असतो, पाष्टे." केणी सरांनी छापील पत्रिका पुढे केली. 'मृत्यूच्या दाढेतून परतलेल्या धीरोदात्त कुटुंबाचा हृद्य सत्कार.' "पाचशे छापल्या."

पाष्ट्यांनी पत्रिका वाचली. मग शेजारी पडलेलं रजिस्टर त्यांना दिसलं. फार ठासून खरं बोललो आणि दाखल्याची गोष्ट पुन्हा निघाली तर पोरीचं वर्ष जाईल, हा विचार मनात आला आणि ते मान हलवून घरी आले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

मृणालिनीबाईंनी संचिताला भाषण लिहून दिलं होतं. त्यात इतकी जोडाक्षरं होती की ते उर्मिलाबाईंनाच मोठ्याने वाचावं लागलं. "'बॉम्बच्या कर्णकर्कश ध्वनीने आसमंत दुमदुमत असता माझ्या तीर्थरूपांनी...'" त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"पाठ करू नको ते," पाष्टे म्हणाले.

"मग काय बोलू, बाबा?"

"झालं ते बोल. बाकी मी बघतो."

काय बघणार, ते त्यांना माहीत नव्हतं.

पाचव्या माळेला मंडप भरला होता. आधी केणी सर बोलले. धूर आता जास्त काळा झाला होता आणि बापाच्या अंगावर आणखी दोन जखमा आल्या होत्या. मग ईश्वरभाईंनी माईक संचिताच्या उंचीला आणून दिला. "बोल बेटा, घबरायचं नाय."

"मी संचिता पाष्टे. मी युद्ध बघितलं नाही. आम्ही सुट्टीला गावी आलो होतो. बाबा गोठ्यावरून पडले." मंडपात चुळबूळ झाली. "आणि शिवाकाका, घंटा जोरात दिली तरी चालेल. मला त्या दिवशी झोप लागली होती."

मागे कुणीतरी हसलं. केणी सर खुर्चीच्या हाताला धरून बसले. संचिता मात्र खाली उतरली नाही.

"पण क्षितिजा तिकडेच आहे. ती माझ्या बाकावर बसायची. त्यांना रजा नव्हती मिळाली. मी दोन पत्रं पाठवली, तिचं काहीच आलं नाही. मला सगळ्यांनी रणगाड्याचं विचारलं, तिचं कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नव्हतं."

आता हसू थांबलं. बायकांनी हातातल्या दांडिया खाली ठेवल्या. मृणालिनीबाईंनी मान खाली घातली. पुढच्या सतरंजीवरून दुर्गाचा आवाज आला, "येल ती. नको भिऊस."

ईश्वरभाईंनी क्षणभर केणी सरांकडे, मग हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि नारळ संचिताला दिला. "छोकरी सच बोलली. सत्कार तर करायलाच पाहिजे." टाळ्या वाजल्या.

पाष्टे मंडपामागे उभे होते. केणी सर आपल्याकडेच येताना दिसले, तसे ते पुढे झाले. "सर, चूक माझी आहे. मी तेव्हाच जोर देऊन सांगायला हवं होतं. पण शाळेतून पोरीचं नाव काढू नका."

"नाव कशाला काढू? दाखला मिळत नाही हे तर खरंच आहे." सरांनी आजूबाजूला पाहिलं. "मी वेगळंच विचारायला आलोय. सगळं शांत झालं की तुम्ही परत जाणार?"

"कंपनी उभी राहिली तर जावंच लागेल."

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आमचा निकेत. आयटीआय केलंय, फिटर. तुमच्या शब्दाने तिकडे कुठे चिकटला तर..."

पाष्टे म्हणाले, "सर, दहा मिनिटांपूर्वी तुम्ही त्या देशाला नरक म्हणालात."

"ते जाहीर भाषण होतं," केणी सर म्हणाले.

पाष्ट्यांनी कागद घेतला. सर बाजूला झाले, तेव्हा त्यांच्यामागे भाच्याला घेऊन ईश्वरभाई उभे होते, आणि ईश्वरभाईंच्या मागे, मुलांना लावतो तशी शिस्तीत ओळ धरून, शिवा शिपाई. त्याने चार पासपोर्ट फोटो आधीच काढून आणले होते.