विरालिनचा दुसरा सूर्य

सकाळी सहा वाजता मर्ल पिंकनीने महिला मंडळाच्या सभागृहामागचं अंगण गाठलं, तेव्हा सूर्य अर्धा खाल्लेला होता.

"क्लॅरी!" ती ओरडली. "अरे, सूर्य गेला!"

क्लॅरी तिचा नवरा. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने घाई म्हणून कशाची केली नव्हती. त्याने पिकअपचं दार लावलं, टोपी सारखी केली आणि आभाळाकडे बघितलं. वरचा सूर्य जागच्या जागी होता आणि ऑस्ट्रेलियातल्या जानेवारीच्या रीतीप्रमाणे सकाळी सहालाच टाळू तापवत होता.

"आहे की," तो म्हणाला.

"तो नाही रे! आपला!"

आपला सूर्य म्हणजे वाळल्या गवताचा गोल गठ्ठा. उंची एक मीटर पस्तीस सेंटिमीटर, रंग पिवळाधमक. विरालिनला रस्ता एकच, आणि तो असा सरळ की त्यावर ग्रहमाला मांडावी हे दोनशे दहा माणसांपैकी कोणाला कसं सुचलं नव्हतं, याचंच मर्लला नवल वाटत होतं. तिने पुस्तकं आणून हिशेब केला होता. सूर्य एवढा, तर पृथ्वी वाटाण्याएवढी. ती एकशे पंचेचाळीस मीटरवर, बेकरीपुढच्या खांबावर. गुरू म्हणजे पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावरचं पपनस. नेपच्यून म्हणजे हिरवं लिंबू, ते पार चार किलोमीटरवर, स्मशानाच्या फाटकाशी. त्याच्याही पुढे राहणाऱ्या म्हाताऱ्या वॉलीने पत्रपेटीवर मोहरीचा दाणा चिकटवून प्लूटो स्वतःच मांडून टाकला होता. "ग्रहांतून नाव काढलं म्हणून काय झालं? पाहुणा म्हणून तरी राहू द्या बिचाऱ्याला," असं त्याचं म्हणणं.

आणि आज अकरा वाजता या सगळ्याचं उद्घाटन करायला पर्थच्या विद्यापीठातून खगोलशास्त्राच्या डॉक्टर रोवेना पेल येणार होत्या. मर्लने त्यांना पत्र लिहिलं होतं आणि सोबत सत्तावीस प्रश्न पाठवले होते. रात्री आभाळ काळं का असतं? ग्रह का लुकलुकत नाहीत? सूर्य कधी विझणार, आणि विझला तर आपल्याला कळायला किती वेळ लागेल? विश्वाला कडा आहे का, असली तर कडेपलीकडे काय? डॉक्टरांनी उलट टपाली लिहिलं होतं, 'प्रश्न उत्तम आहेत. उत्तरं समोरासमोर देईन.' ते पत्र मर्लने इतक्यांदा उघडलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

यातला पहिला प्रश्न पंचावन्न वर्षं जुना होता. दक्षिणेच्या आकाशात सदर्न क्रॉस नावाच्या तारकासमूहाच्या शेजारी दोन ठळक तारे आहेत, त्यांतला जास्त तेजस्वी तो किती लांब आहे? बारा वर्षांच्या मर्लने हा प्रश्न वर्गात विचारला, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "मुलींनी आकाशाकडे बघत चालू नये, ठेच लागते." अख्खा वर्ग हसला. पुढे दोन वर्षांत शाळा सुटली आणि मर्लने त्यानंतर चारचौघांत कधी प्रश्न म्हणून विचारला नाही. आज ती विचारणार होती. पण डॉक्टर आल्यावर त्यांना हे अर्धं चघळलेलं गवत दिसलं, तर गाव पुन्हा हसणार आणि मग या जन्मात तिचं तोंड उघडायचं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"घरी जा," ती क्लॅरीला म्हणाली. "दुसरा गठ्ठा आण. एक मीटर पस्तीस. आठच्या आत."

"बरं," क्लॅरी म्हणाला आणि टोपी पुन्हा सारखी करून निघाला.

तो गेला आणि कुंपणाच्या फटीतून थेल्मा ग्राउट आत आली. एका हातात दावं, दाव्याला डचेस नावाची तिची गाय आणि गाईचं तोंड नाकापासून गळ्यापर्यंत पिवळं.

मर्ल दोन पावलं मागे सरली. गाईमुळे नव्हे, थेल्मामुळे. चार वर्षांपूर्वीच्या कृषी प्रदर्शनात मर्लच्या स्पंज केकला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि थेल्माच्या केकला दुसरं. थेल्माने भर मांडवात म्हटलं होतं, "हिने कस्टर्ड पावडर घातलीय. नियमात बसत नाही." त्यावर मर्लने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत कस्टर्ड पावडर आजवर शिरलेली नाही." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. दोनशे दहा माणसांच्या गावात अबोला टिकवायला मेहनत लागते, पण दोघीही कष्टाळू होत्या.

"माझ्या गाईला काय खाऊ घातलंस?" थेल्माने विचारलं. चार वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"मी खाऊ घातलं? तुझ्या गाईने माझा सूर्य खाल्लाय!"

"खाईल नाहीतर काय! आजवर कधी कुंपण ओलांडलं नाही तिने. साध्या गवतासाठी ती मान वळवत नाही." थेल्माने गाईच्या नाकावरून बोट फिरवलं, हुंगलं, आणि मग अगदी सावकाश जिभेला लावलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पहिल्या बक्षिसानेही पसरला नसता. "मर्ल पिंकनी, हे कस्टर्ड आहे."

"पिवळा रंग आहे तो."

"व्हॅनिलाच्या वासाचा?"

आता यात मर्लची चूक म्हणावी तर ती काटकसरीची होती. क्लॅरीने गठ्ठा देताना एकच अट घातली होती. सूर्याचं काम झालं की तो गुरांना घालायचा, तेव्हा डब्यातला रंग लावायचा नाही. म्हणून मर्लने साठ किलोमीटरवरच्या गावी जाऊन, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा दुकानातून, कस्टर्ड पावडरची अकरा पाकिटं आणली होती आणि काल संध्याकाळी त्याची लापशी करून ब्रशने गठ्ठ्याला फासली होती. रंग फार सुरेख आला होता. डचेसचंही तेच मत पडलं.

"ती... ती फक्त सूर्यासाठी आणली होती," मर्ल म्हणाली.

"अस्सं? आणि चार वर्षांपूर्वी कशासाठी आणली होती, चंद्रासाठी?"

थेल्माने जिंकल्यासारखी मान उडवली. पण थेल्मा कोणाचे उपकार ठेवून घेणाऱ्यांतली नव्हती. गाय तिची, तेव्हा भरपाईही तिचीच.

"गठ्ठा मी आणते," ती म्हणाली.

"नको. क्लॅरी गेलाय आणायला."

"क्लॅरी?" थेल्मा हसली. "मग नाताळपर्यंत येईल." आणि ती गाईला ओढत निघून गेली.

आठ वाजले, नऊ वाजले. क्लॅरीचा पत्ता नाही, फोन लागत नाही. साडेनऊला बेकरीवाली पळत आली. "मर्ल, पृथ्वी गेली! गुलाबी काकाकुव्यांनी खाल्ली. मी झाडू घेऊन धावले, पण एकाने गिळलीच." मर्लने क्षणभर डोळे मिटले. मग ब्लाउजचं निळं बटण तोडून तिच्या हातात ठेवलं. "ही लाव. ही कोणी खात नाही." गळ्याशी पिन टोचून ती पुन्हा रस्त्याकडे बघत उभी राहिली. सूर्य गाईने खाल्ला, पृथ्वी पाखराने. आता कोणीतरी पपनस कापून न्याहारीला बसलं नसलं म्हणजे मिळवली.

दहा वाजता ट्रॅक्टर घरघरत आला. पुढच्या दात्यांवर थोरला गठ्ठा, त्यावर बोलिंग क्लबचे पिवळे पडदे घट्ट गुंडाळलेले, आणि वर थेल्मा राणीसारखी बसलेली. तिने गठ्ठा अंगणाच्या मधोमध ठेवला आणि खाली उतरून हात झटकले.

"केवढा आहे हा! एक पस्तीसचा हवा होता," मर्ल म्हणाली.

"सूर्य मोठाच असतो."

तेवढ्यात क्लॅरी आला. त्याच्या पिकअपमध्येही एक गठ्ठा होता, मेंढ्यांवर खुणा करायच्या पिवळ्या फवाऱ्याने रंगवलेला, आणि तो स्वतः कानापर्यंत पिवळा झाला होता.

"अरे, होतास कुठे चार तास?"

"गठ्ठे दीड मीटरचे होते," क्लॅरी म्हणाला. "तू एक पस्तीस सांगितलंस. मग उलगडत बसलो. थोडं काढायचं, मोजायचं. थोडं काढायचं, मोजायचं. एकदा जास्त निघालं, परत गुंडाळलं." त्याने टेप पुढे केली. "बघ. सेंटिमीटरभर इकडेतिकडे नाही."

मर्लला एकदम भरून आलं. चाळीस वर्षांत या माणसाने तिला फुलं आणून दिली नव्हती. पण चार तास उन्हात बसून त्याने तिच्यासाठी सूर्य सोलला होता. तो गठ्ठा बाजूला ठेव म्हणणं तिच्या जिवावर आलं. आणि थेल्माचा बाजूला काढायचा, तर चार वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा मांडवात निघालं असतं, तेही अख्ख्या गावासमोर.

"तुझा उचल," थेल्मा म्हणाली.

"आधी तुझा उचल."

"मी माझ्या गाईचं कर्ज फेडलंय. आता ट्रॅक्टरला हात लावणार नाही."

दोघी अशा तावातावाने भांडत असताना ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी धुळीने माखलेली छोटी गाडी फाटकाशी थांबली. तिच्यातून एक किडकिडीत तरुण बाई उतरली. ही डॉक्टर रोवेना पेल असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण सगळ्यांनी चष्मा आणि पांढरे केस गृहीत धरले होते. बाहेर जमलेला गाव तिच्यामागोमाग अंगणात घुसला.

"मर्ल पिंकनी कोण?" तिने उत्साहाने विचारलं. "मी प्लूटोपासून मोजत आलेय! अंतरं अगदी बरोबर आहेत! आणि पृथ्वी बटणाची केलीत, काय सुंदर कल्पना!" मग तिची नजर अंगणात गेली. "पण... दोन सूर्य?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू मर्लने पंचावन्न वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

"मर्ल सांगेल," थेल्मा म्हणाली. "तिला सगळं माहीत असतं."

मर्लच्या हातात सत्तावीस प्रश्नांचा कागद होता. त्यावरची पहिली ओळ तेवढी तिला दिसली. आणि काय झालं कोणास ठाऊक, बारा वर्षांची मर्ल आतून उठली आणि बोलून गेली.

"तेच तर विचारायचंय तुम्हाला. हा एक पस्तीसचा सूर्य आपला. तर मग क्रॉसशेजारचा तो ठळक तारा, आपल्या शेजारचा सूर्य, तो या मापाने कुठे ठेवायचा?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग चहाबरोबर खायला आणलेल्या स्कोन नावाच्या छोट्या पावांची कागदी पिशवी उचलली, त्यातले स्कोन क्लॅरीच्या हातात दिले आणि पिशवीवर हिशेब मांडला.

"खरं तर तिथे तिघांचं कुटुंब आहे, आपण थोरल्याचं बोलू. पृथ्वी आपल्या सूर्यापासून जेवढी लांब, त्याच्या दोन लाख शहात्तर हजार पट तो लांब आहे. तुमच्याकडे पृथ्वी एकशे पंचेचाळीस मीटरवर. गुणा. म्हणजे..." पेन्सिल थांबली. "चाळीस हजार किलोमीटर. थोडं जास्तच."

गावाने निराशेचा सुस्कारा सोडला. "एवढा रस्ता कुठून आणायचा?" वॉली म्हणाला. "पर्थ संपलं की समुद्रच आहे."

"चाळीस हजार?" क्लॅरी तोंडातला स्कोन गिळत म्हणाला. "म्हणजे एक फेरी."

"कसली फेरी?" मर्लने विचारलं.

"पृथ्वीची. माझ्या पिकअपच्या बारा झाल्यात. चार लाख ऐंशी हजार आहे मीटरवर. पर्थच्या पुढे न जाता."

डॉक्टर पेल त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग गर्रकन वळून त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "इथून निघायचं. नाकासमोर सरळ! बेकरी, पंप, स्मशान, मग समुद्र, सगळे देश, सगळे डोंगर ओलांडायचे, अख्ख्या पृथ्वीला एक वळसा घालायचा आणि..."

"आणि परत इथेच!" मर्ल किंचाळली. "थेल्माच्या गठ्ठ्यापाशी!"

अंगणात एकच गलका उडाला. वॉलीने टोपी हवेत फेकली. बेकरीवालीने झाडूसकट टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला.

"थांबा, थांबा!" डॉक्टर ओरडल्या, त्या आता सगळ्यांत जास्त नाचत होत्या. "तो तारा आपल्या सूर्याहून मोठा आहे. साधारण सव्वापट, त्याहून किंचित कमी. एक मीटर पासष्ट हवा. टेप कोणाकडे आहे?"

टेप क्लॅरीकडे होती. त्याने सावकाश, अगदी सावकाश, पडद्यांसकट मोजलं. दोनशे दहा माणसं श्वास रोखून उभी.

"एक पासष्ट," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "सेंटिमीटरभर इकडेतिकडे नाही."

डॉक्टर धुळीत मांडी घालून बसल्या आणि हसत सुटल्या. "मी गावोगावी ग्रहमाला बघितल्यात. शेजारचा तारा जागेवर ठेवणारं गाव पहिल्यांदा बघतेय."

"सूर्य मोठाच असतो, म्हटलं होतं मी," थेल्मा जो भेटेल त्याला सांगत होती.

मग प्रश्नांना जो बांध फुटला तो काही आवरेना. कृष्णविवरात पडलं तर काय होतं, हे पंपवाल्याला विचारायचं होतं. वॉलीने प्लूटोची बाजू अर्धा तास मांडली. सत्तावीस प्रश्नांचे एक्केचाळीस झाले, आणि त्यातले एकोणतीस एकट्या मर्लने हात वर करकरून विचारले. कोणी हसलं नाही. उलट ती हात वर करायची राहिली की लोक वळून तिच्याकडे बघायचे.

चहाच्या वेळी ती दोन्ही सूर्यांच्या मधे, थेल्माच्या शेजारी बसली होती. थेल्माच्या बशीत मर्लच्या स्पंज केकचा तुकडा होता.

"एक राहिलंच, डॉक्टर," मर्ल म्हणाली. "त्या ताऱ्याचा उजेड इथे पोहोचायला किती वेळ लागतो?"

"चार वर्षं आणि चार महिने. आज रात्री जो दिसेल, तो तेव्हाच निघालेला असेल."

थेल्मा बोटांवर महिने मोजू लागली. ते चार वर्षांपूर्वीचं प्रदर्शन सप्टेंबरात होतं, आणि हा जानेवारी. तिने मर्लकडे बघितलं. मर्लने कपात बघितलं, मग गठ्ठ्याकडे, मग आभाळाकडे.

"दोन चमचे," ती शेवटी हळूच म्हणाली. "दोनच. तेही सपाट."

थेल्माने केकचा घास घेतला, सावकाश चावला आणि बशी पुढे केली.

"पोहोचलं एकदाचं," ती म्हणाली. "आणखी एक तुकडा दे."